ही ओढते काय?

मांजरसुंब्याच्या चौकात वाढलेल्या माणसाला ओढणं म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. सोलापूर-धुळे महामार्ग इथून बालाघाटाचा घाट उतरून बीडकडे जातो आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईला निघालेला रस्ता त्याला इथेच आडवा येतो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, चौकाजवळच्या गॅरेजात डिझेल पंप आणि नोझलची कामं करतात. घाट चढणारी गाडी नजरेत यायच्या आधी तिच्या आवाजावरून ते सांगतात, भरलेली आहे की रिकामी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि ट्रॉल्यांत कोयते, भांडी, पत्रे, शेरडं, लेकरं. इंजिन म्हटलं की त्याच्या मागे काहीतरी जोडलेलं असणार, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं.

नोकरीसाठी सिॲटलला आले आणि लेक युनियन या तळ्याच्या धक्क्यावर एक बोट बघून गोंधळून गेले. बांधणी टगची, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटीची. उंच नाळ, पुढच्या अंगाला चहूबाजूंनी काचा असलेलं उभं व्हीलहाउस, त्यामागे काळं धुराडं, कडेने जाड रबरी पट्टा. टग मी याआधी पाहिली होती. गेटवेहून मांडव्याला जाताना मुंबई बंदरात एका अजस्र जहाजाच्या कुशीला नाक लावून त्याला ढकलणारी. 2021 च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज आडवं अडकलं, त्यावरचे 25 च्या 25 खलाशी भारतीय होते, तेव्हा घरात सगळ्यांनी टीव्हीवर टग बघितल्या होत्या. पण ही बोट जेमतेम 26 फुटांची. खिडक्यांना पडदे, मागच्या डेकवर घडीच्या दोन खुर्च्या, कुंडीत पुदिना. ओढायचा दोर कुठेच नाही. दोर अडकवायचा तो जाडजूड खुंटही नाही.

दादांना फोटो पाठवला. लगेच फोन आला.

“दणकट दिसती गं. ही ओढती काय?”

मी मालकांना विचारलं. मालक महाराष्ट्र मंडळातले, मूळ मिरजेचे, निवृत्त इंजिनिअर. मी त्यांना काका म्हणते, त्यांच्या पत्नीला काकू. काका म्हणाले, “काही नाही. आम्हा दोघांना फिरवते.”

हे उत्तर मला रुचलं नाही, आणि का रुचलं नाही ते समजायला वेळ लागला. आमच्या महामार्गावर काही धाब्यांच्या दारात जुनी बैलगाडी रंगवून उभी करतात. तिच्यापाशी लोक फोटो काढतात. त्या गाडीचं जू कधी कुणाच्या मानेवर होतं, हे ती सांगत नाही. ही बोट तशीच आहे का? दुसऱ्यांनी कष्टातून घडवलेला आकार, सुट्टीच्या दिवसासाठी उसना घेतलेला? काकांनी मला बोट चालवायला शिकवायचं कबूल केलं आणि मी ठरवलं, हिचा एकेक भाग बघायचा. कुठला खरा, कुठला नुसता शोभेचा.

अशा बोटी निघाल्या कशा, ते काकांनी सांगितलं. 1973 ला तेल भडकलं, 1979 ला पुन्हा भडकलं. सुट्टीत पाण्यावर सुसाट पळणाऱ्या, पेट्रोल पिणाऱ्या बोटी लोकांना परवडेनात. तेव्हा सिॲटलजवळच्या वुडिनव्हिलमध्ये जेरी हस्टेड यांनी, लिन सेनूर या आराखडाकाराला हाताशी धरून, नॉर्डिक टग ही 26 फुटी बोट काढली. लहान डिझेल इंजिन, सावकाश चाल, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय. 1980 च्या सिॲटल बोट शोमध्ये ती लोकांपुढे आली आणि चालली. मग तैवानमध्ये बांधलेल्या लॉर्ड नेल्सन व्हिक्टरी टग आल्या. पुढे ला कॉनर गावातून अमेरिकन टग आली, तिचाही आराखडा सेनूर यांचाच. रेंजर टग्ज कंपनीने साडेआठ फूट रुंदीच्या टग काढल्या. इथल्या रस्त्यांवर तेवढी रुंदी खास परवान्याशिवाय नेता येते, म्हणजे पिकअपच्या मागे ट्रेलर जोडून बोट घरी. हे ऐकून दादा खूश झाले. “म्हणजे हिलाच ओढतेत!”

काकांची बोट त्या सुरुवातीच्या घडणीतली, वयाने माझ्याहून मोठी.

वॉशिंग्टन राज्यात पंधरा हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठ्या मोटरची बोट चालवायची तर परीक्षा देऊन कार्ड घ्यावं लागतं. अभ्यास घरी बसून होतो. त्यातली बोयांची, म्हणजे वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेल्या खुणांची, गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया अमेरिकेत उजव्या हाताला ठेवायचा. भारतात तोच लाल बोया डाव्या हाताला. जगाचे असे दोन भाग पाडलेले आहेत आणि दोन्हीकडची जहाजं रोज एकमेकांच्या बंदरांत जातात. मुंबईत आलेला तिकडचा कप्तान हे बदलणं किती सहज करत असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

कार्ड हातात आलं तरी बोट हातात येत नाही. मी घाटात जीप चालवलेली आहे, ट्रॅक्टर मागे घेतलेला आहे. गाडीचं पुढचं तोंड वळतं आणि मागचं अंग त्याच्यामागे येतं, हे हातापायांत मुरलेलं असतं. बोटीत सुकाणू मागे, पंखाही मागे. चाक उजवीकडे फिरवलं की आधी मागचं अंग डावीकडे फेकलं जातं, मग नाळ उजवीकडे जाते. धक्क्याला लागून उभी असलेली बोट बाहेर काढताना चाक धक्क्यापासून दूर वळवलं तर मागचा कोपरा धक्क्यावरच आदळतो. गाडीचं सगळं शहाणपण इथे उलट्या बाजूने कामाला येतं. काकांनी पहिले कित्येक दिवस मला फक्त मागे बघायला लावलं. “पुढे काय आहे ते दिसतंच. मागचं अंग कुठे चाललंय ते सांग.”

त्यात रिव्हर्सची वेगळीच तऱ्हा. आमच्या बोटीला एकच पंखा आहे, मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारा. रिव्हर्स टाकला की तो उलटा फिरतो आणि सरळ मागे नेण्याआधी बोटीचं ढुंगण डावीकडे खेचतो. सुकाणू सरळ असो की वळवलेलं, सुरुवातीला त्याचं कुणी ऐकत नाही, कारण सुकाणवावरून पुरेसं पाणी वाहायला लागल्याशिवाय त्याला जोर नसतो. जुने लोक ही खोड वापरून घेतात. डावी बाजू धक्क्याला लावायची असेल तर नाळ तिरकी आणायची, एक छोटा रिव्हर्स द्यायचा, मागचं अंग आपोआप धक्क्याला येतं. उजवी बाजू लावायची असेल तर तीच खोड अंगावर येते. नव्या बोटींना नाळेत आडवा छोटा पंखा बसवलेला असतो, बटण दाबलं की नाळ सरकते. आमच्या बोटीला तो नाही, आणि शिकताना नाही तेच बरं, असं माझं मत झालंय.

“ब्रेक?” दादांनी विचारलं.

“नाही.”

“मग थांबिवता कसं?”

“रिव्हर्स टाकून. आणि आधीपासून हळू येऊन.”

“घाटात दुसरं काय करतेत?” दादा म्हणाले.

वेगाचा हिशोब मात्र त्यांनाही सहज पटला नाही. बोट पाणी सारत निघाली की नाळेशी लाट उठते. वेग वाढवावा तशी ही लाट लांब होत जाते. ती बोटीच्या लांबीएवढी झाली की बोट तिच्या दोन शिखरांमधे बसते आणि आणखी वेग हवा असेल तर स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. विल्यम फ्रूड यांनी 1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये टाकीत छोट्या प्रतिकृती ओढून लाटांचा हा अभ्यास केला. ढोबळ सूत्र असं: पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, म्हणजे नॉटमध्ये वेग येतो. आमच्या बोटीची पाण्यातली लांबी 25 फुटांच्या आसपास, म्हणजे पाच गुणिले 1.34, पावणेसात नॉटच्या जवळ. ताशी साडेबारा किलोमीटर. या वेगाच्या जरा आत राहिलं तर इंजिन तासाला चार-पाच लिटर डिझेलवर निवांत चालतं. थ्रॉटल पुढे ढकलला की आवाज वाढतो, डिझेल कितीतरी पट जास्त जातं, मागे मोठी लाट उठते आणि वेग थोडासाच वाढतो.

“ज्यादा हॉर्सपॉवर टाकून बघितलं का कुणी?” दादांनी विचारलं. टाकतात. या बोटींचा तळ खऱ्या टगसारखा खोल आणि गोल नसतो, मागच्या बाजूला बराच सपाट असतो, त्यामुळे मोठं इंजिन दिलं तर ती लाटेवर थोडी चढूही शकते. अलीकडच्या काही रेंजर टग तर मागे आउटबोर्ड मोटर लावून ताशी तीस मैलांच्या पुढे जातात. मला त्या आवडत नाहीत. सावकाश आणि थोड्या तेलात जायचं, या कारणासाठी हा आकार निवडला गेला होता. ते कारण काढून घेतलं तर उरतं ते नुसतं रूप.

धुराड्याबद्दल माझा असाच निकाल झाला होता. इंजिनचा धूर त्यातून जातच नाही. इंजिन बाहेरचं पाणी आत ओढून घेतं, त्याने स्वतःला थंड करतं आणि तेच पाणी धुरात मिसळून मागच्या नळीतून बाहेर फेकतं. मग वरचं काळं नळकांडं कशाला? काकांनी त्याचं दार उघडून दाखवलं. आत स्वयंपाकाच्या गॅसची टाकी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. बोटीच्या पोटात गळला तर तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीत बोट जाते. म्हणून टाकी वर, केबिनच्या बाहेर आणि खालून बाहेरच्या हवेला उघडणाऱ्या कप्प्यात ठेवायची. धुराडं म्हणून ते खोटं आहे, कपाट म्हणून खरं. दादांनी ही मांडणी लगेच मान्य केली.

व्हीलहाउसबद्दल मला काही शंका उरली नाही. सिॲटलच्या पावसात कोरडं उभं राहून चारही बाजूंना बघता येणं ही टगवाल्याची गरज तशीच काकूंचीही. मागचं डेक खऱ्या टगमध्ये मोकळं आणि बुटकं ठेवतात, कारण ओढायचा ताणलेला दोर त्यावरून डावी-उजवीकडे फिरतो. तो दोर टगच्या साधारण मध्याशी अडकवलेला असतो, अगदी शेपटीशी नाही, नाहीतर टगला वळताच येणार नाही. आणि हाच दोर आडवा ताणला गेला तर टग कलंडते, माणसं मरतात. आमच्या डेकवर खुर्च्या आहेत. तिथे मी बसते तेव्हा हे माहीत असलेलं बरं, असं मला वाटतं.

खरी टग मला अगदी जवळून दिसली ती बॅलर्डच्या लॉकमध्ये. सिॲटलची तळी समुद्रापेक्षा उंचावर आहेत. समुद्राची पातळी भरती-ओहोटीने बदलत असल्याने हा फरक कधी सहा-सात फूट असतो, कधी पंचवीसच्या आसपास. 1917 मध्ये सुरू झालेली ही लॉक म्हणजे पाण्याच्या खोल्या. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी समुद्राकडे सोडायचं, बोट खाली जाते, पुढचं दार उघडतं. प्रत्येक बोटीकडे पन्नास फुटांचे दोन दोर लागतात, टोकाला फास असलेले. वरचा कर्मचारी फास घेतो, दुसरं टोक आपल्या हातात. मोठ्या लॉकमध्ये पाणी उतरेल तसा दोर सोडत राहायचा. गाठ मारायची नाही. गाठ मारली तर पाणी खाली जातं आणि बोट भिंतीला लटकते. काकू नाळेशी, मी मागे, काका चाकाशी. दोर हातातून सरकत होता आणि माझं लक्ष भिंतीवर, कुठवर ओली आहे, तिकडे.

ते गोडं पाणी होतं. बोटी पुढे काढण्यासाठी समुद्रात सोडलं जाणारं तळ्याचं पाणी. आमच्या मांजरा नदीचा उगम पाटोद्याच्या डोंगरातला. तिच्यावरचं धनेगावचं धरण कोरडं पडलं तेव्हा, एप्रिल 2016 मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. काकांना मी हे म्हणाले. ते म्हणाले, “आमच्याकडून गेलेलं, माहीत आहे मला.” मग आम्ही दोघंही दोराकडे बघत राहिलो. इथेही या पाण्याचा हिशोब ठेवतात. उन्हाळ्यात तळ्याची पातळी सांभाळावी लागते, खारं पाणी आत चढू नये याची व्यवस्था आहे, साल्मन माशांना वर चढायला बाजूला पायऱ्यांची वाट आहे. मला तरी ते पाणी डोळ्यांसमोर वाहून जाताना बघणं जड गेलं.

परत येताना मोठ्या लॉकच्या तोंडाशी आम्हाला थांबवलं. नियमच असा आहे की सरकारी बोटी आधी, मग व्यापारी आणि कामाच्या, हौशी सगळ्यांत शेवटी. आमच्या शेजारून एक टग बार्ज घेऊन पुढे गेली. तिचा तो रबरी पट्टा झिजलेला, कडेला ट्रकचे जुने टायर साखळीने लटकवलेले, लोखंडावर गंजाचे ओघळ, डेकवर मनगटाएवढा दोर. दोर सांभाळणारी माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिने फास एकदाच फेकला आणि तो वरच्या खुंटात जाऊन बसला. तिच्या टगच्या मागे आमची पडदेवाली टग उभी. तो नियम मला मनापासून योग्य वाटला. दादांना व्हिडिओ पाठवला तर त्यांनी टायरचं माप विचारलं.

या किनाऱ्यावर टगचा धंदा उभा करणाऱ्यांत थेआ फॉस या बाईंचं नाव मोठं आहे. नॉर्वेहून आलेल्या. 1889 मध्ये टकोमाला, सुतारकाम करणारा नवरा कामासाठी बाहेर असताना, त्यांनी पाच डॉलरला एक वल्ह्याची बोट घेतली, रंगवली आणि जास्त पैशाला विकली. मग आणखी बोटी घेतल्या, भाड्याने दिल्या. त्यातून फॉस ही टग कंपनी झाली, ती आजही आहे. त्याच 1889 साली बांधलेली ‘आर्थर फॉस’ ही लाकडी टग जुनी बोट म्हणून जपलेली आहे. तिच्यात 1934 साली सातशे हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन बसवलं, सहा सिलिंडरचं, माणसाहून उंच. त्याला रिव्हर्स गिअर नाही. मागे जायचं तर इंजिन बंद करायचं आणि उलट्या दिशेने पुन्हा चालू करायचं. वर व्हीलहाउसमधून इशारा द्यायचा, खाली इंजिनवाल्याने तो पाळायचा. धक्का समोर येत असताना इंजिन बंद करायचं! माझ्या हाताखाली एक दांडा आहे, पुढे-मागे सारला की झालं, तरी मला घाम येतो.

दादा आता बोटीविषयी विचारतात ते इंजिनपुरतं, आणि रोज. पुढच्या फेरीसाठी आम्हाला उत्तरेला जायचंय, डिसेप्शन पास या अरुंद खिंडीतून. भरती-ओहोटीला तिथून पाणी आठ नॉटच्या वेगाने धावू शकतं. आमचा वेग पावणेसात. उलट्या प्रवाहात आम्ही पूर्ण जोराने पुढे चालवूनही मागे जाऊ. म्हणून पाणी दिशा बदलताना थोडा वेळ शांत होतं तेव्हाच शिरायचं, आणि त्यासाठी सरकारी तक्ते बघून पोचायची वेळ आधीच ठरवायची. मोठ्या इंजिनवाल्यांना एवढी गरज पडत नाही.

निघण्याआधी पाणी खेचणाऱ्या पंपातली रबरी चकती बदलायची होती. इम्पेलर म्हणतात तिला, सहा पाती असतात. ही फाटली की पाणी येत नाही आणि इंजिन तापून बसतं. काकांनी ते काम माझ्याकडे दिलं. दादा व्हिडिओ कॉलवर, इकडे संध्याकाळ, तिकडे गॅरेज उघडायची वेळ. झाकणाचे स्क्रू काढले, जुनी चकती ओढून काढली. पाती पाचच.

“सहावं कुठंय?” दादांनी विचारलं.

मी नवी चकती हातात घेतली होती.

“ठिव ती खाली. आधी तुकडा हुडक. न हुडकता इंजिन चालू करायचं नाही, सांगून ठिवतो.” काकाही तेच म्हणाले. तुटलेलं रबर पाण्याबरोबर पुढे जातं आणि इंजिन थंड करणाऱ्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी अडकतं. मग नळी सोडवली, तिच्यात बोट घातलं, पुढची सोडवली. काकूंनी टॉर्च धरला. तो तुकडा तिथेच होता, नळ्यांच्या तोंडावर आडवा. चिमट्याने काढून पाचही पात्यांशेजारी ठेवला, तुटकी कड जुळतेय का ते दादांना कॅमेऱ्यात दाखवलं. जुळत होती. नवी चकती फिरण्याच्या उलट दिशेला पाती दुमडून आत बसवली, झाकण लावलं, काकांनी इंजिन चालू केलं. मी मागच्या डेकवरून वाकून एक्झॉस्ट बघितला. धुराबरोबर पाणी येत होतं, भरपूर. हात पुसून आम्ही टेबलावर प्रवाहाचे तक्ते उघडले. शनिवारी खिंडीत पाणी शांत होणार ते भल्या सकाळी, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळीच ला कॉनरला मुक्कामाला पोचायला हवं.